येणे बाकी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोनवरचा लांबलचक मजकूर मिळाला, तीनदा वाचला. तेवढंच उत्तर फोनवर लिहायला माझी बोटं जाड पडतात, म्हणून कागद घेऊन बसलोय. तुझा भाऊ फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार. शाळेत असताना त्यानं माझ्या हाताखाली वर्षभर कीर्द लिहिलीय.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू आलीस आणि दुसऱ्याच दिवशी तुझं नि पप्पांचं वाजलं, हे मला पारावर कळलंच होतं. आपल्याकडे सप्ताह बसतो दत्तजयंतीला, पण वर्गणीची यादी होते अखजीला. कारण त्या दोन दिवसांत माहेरवाशिणी, पुण्याची पोरं, सुरतेची पोरं, सगळी गावात सापडतात. आकडा आज लिहायचा, पैसे कापूस विकल्यावर द्यायचे. पप्पांनी तुझ्या नावापुढे ५,१०० लिहिले आणि तू ते चारचौघांत खोडायला लावलेस. वर म्हणालीस, देवाला पैसे कशाला लागतात? आणि पप्पा म्हणाले, नास्तिकांचा हात खिशात जातो तो फक्त रुमाल काढायला.

दोघांचीही वाक्यं चांगली होती. पार अजून हसतोय.

आता तू मला न्यायाधीश केलंयस. ‘नाना, पुराव्यानं सांगा, जास्त कोण देतं? देव मानणारे की न मानणारे?’ मी देव मानत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून कौल तुझ्या बाजूनं जाईल असं तुला वाटलं असणार. पण मी तीसहून जास्त वर्षं सप्ताहाचे हिशेब लिहिलेत, हेही तुला ठाऊक आहे.

मोजमापं बघितली तर पहिला डाव पप्पांचा. अमेरिकेत हा विषय फार मोजला गेलाय. दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त देतात. चर्चला तर देतातच, शाळा-दवाखान्यांसारख्या कामांनाही जास्त देतात. ही बहुतेक मोजमापं लोकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्यांवर उभी आहेत, हे खरं. सांगितलेला आकडा आणि फाडलेली पावती यांत किती अंतर असतं ते मला विचार. तरीही सगळं अंतर थापांचं नसावं. आपल्याकडे अशोका विद्यापीठानं घराघरांतल्या देण्याची पाहणी केली, त्यात निम्म्याहून बराच जास्त पैसा धार्मिक ठिकाणी जातो असं दिसलं. त्याखालोखाल दारात आलेल्या, रस्त्यावर हात पुढे केलेल्या माणसाला. तू महिन्याला ५०० रुपये पाठवतेस तशा संस्थांचा वाटा फार लहान.

पण त्या अमेरिकी अभ्यासातली खरी गंमत पुढे आहे. रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्बेल या दोन अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा माणूस देवाबद्दल काय मानतो यावरून त्याच्या देण्याचा अंदाज येईना. अंदाज आला तो त्या प्रार्थनास्थळात त्याचे मित्र किती, यावरून. पक्की श्रद्धा असलेला, पण एकटा येऊन एकटा जाणारा माणूस दानात काही विशेष पुढे नव्हता. मी हे वाचलं तेव्हा मला आपला पार आठवला. सप्ताहाची यादी देवासमोर होत नाही ना, ती पारावर होते.

तुझ्या बाजूचा पुरावाही सांगतो, म्हणजे उद्या कुणी तो तुझ्या तोंडावर मारला तर लाजायला नको. २०१५ साली एका नामांकित नियतकालिकात शोधनिबंध आला. सहा देशांतली ११७० मुलं तपासली, आणि निष्कर्ष असा की धार्मिक घरांतली मुलं वाटून देण्यात कमी उदार. जगभर बातम्या झाल्या. आपल्यासारख्यांनी तो उचलून धरला, मीही वाचनालयात चार लोकांना वाचून दाखवला. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी आकडे पुन्हा तपासले, तर देशांना ओळखीसाठी दिलेले १, २, ३ हे क्रमांक गणितात चक्क संख्या म्हणून धरले गेले होते. खतावणीतला खाते क्रमांक रकमेच्या बेरजेत धरावा, तसली चूक. ती दुरुस्त केल्यावर निष्कर्ष टिकला नाही आणि २०१९ मध्ये निबंध मागे घेतला गेला. ज्या चार लोकांना वाचून दाखवला होता त्यांतले दोन तोवर वारले होते. उरलेल्या दोघांना मी जाऊन सांगितलं. एकाला तर आठवतही नव्हतं.

म्हणून म्हणतो, आस्तिक विरुद्ध नास्तिक हा सामना लावण्यात फार अर्थ नाही. मला त्यापेक्षा दोन साधे प्रयोग महत्त्वाचे वाटतात. पहिला १९७३ चा. प्रिन्स्टनला धर्मोपदेशक व्हायला शिकणारे चाळीस विद्यार्थी. त्यांना एकेकट्याला एका इमारतीतून दुसरीत भाषणाला पाठवलं, आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी वाटेत पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट हा होता. मदतीला कोण थांबलं? ज्यांना ‘वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के, आणि ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ म्हटलं होतं त्यांतले अवघे १० टक्के. विषय कोणता, मन किती धार्मिक, याचा ठोस फरक दिसला नाही. घाईचा दिसला. दुसरा मोरोक्कोतल्या मराकेश शहराच्या जुन्या बाजारातला, २०१५ चा. दुकानदारांना पैसे स्वतःकडे ठेवायचे की दान करायचे असा पर्याय दिला. अजान ऐकू येत असताना विचारलं तेव्हा दानाकडे कल जास्त होता. दुकानदार तेच, धर्म तोच. कानावर काय पडतंय, तेवढाच फरक.

तू पुण्यात सकाळी आठला बस पकडतेस आणि रात्री नऊला खोलीवर येतेस. तुझ्या कानावर काय पडतं?

आता माझी गोष्ट सांगतो. ही तुझ्या पप्पांनाही माहीत नाही.

१९८७ साली मी अमळनेरला एका आडत दुकानात दिवाणजी होतो. वय चौतीस, डोक्यात नवी नवी पुस्तकं. सप्ताहवाले दारात आले, १०१ रुपये मागितले. मी त्यांना अर्धा तास सुनावलं. दगडाला तूप, माणसाला उपास, वगैरे. ते बिचारे चहा न घेता गेले. मला चार दिवस फार बरं वाटत होतं. पुढे दिवाळीला सवयीनं माझी घरची वही जुळवायला बसलो. मी घरखर्चाचीही खतावणी ठेवतो, तुझी काकू त्यावरून हसते. त्यात ‘धर्मादाय’ नावाचं खातं वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. पान उघडलं तर वर्षभरात एकही नोंद नाही. वर्गणी नाकारली ती माणसाला देण्यासाठी, असं मी त्या लोकांना सांगितलं होतं. मग माणसाला दिली कधी? शोधलं. पानपट्टीची उधारी होती, दोन सिनेमे होते, एक नवा पायजमा होता.

देवाला न दिलेला पैसा आपोआप माणसाकडे जात नाही, हे मला त्या कोऱ्या पानानं शिकवलं. तो आपल्याच खिशात बसून राहतो आणि हळूहळू संपतो.

दुसऱ्या दिवशी मी सप्ताहाच्या अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, वर्गणी देतो, आणि देव मानत नसलो तरी वह्या लिहून देतो. ते म्हातारे हसून म्हणाले, वह्यांना कुठं देव लागतो? तिथून मी सप्ताहाचा हिशेबनीस झालो.

त्या सगळ्या वर्षांत भाविकांचं देणं मी फार जवळून पाहिलं. अध्यक्षांच्या पाया पडून ११,००० बोलणारा, टाळ्या घेणारा आणि तीन वर्षं तोंड न दाखवणारा पाहिला. माझ्या वहीत शेवटी एक रकाना असे, ‘येणे बाकी’. देवाचे कर्जदार किती असतात हे त्या रकान्यात कळतं. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आपलं नाव रंगवून घेणारा पाहिला. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो कीर्तनात उठून पंखा बंद करायचा. हे खोटं वाटेल, पण तुझ्या आजोबांनी त्याला एकदा सभामंडपातून बाहेर काढलं होतं.

आणि त्याच सभामंडपाच्या बाहेर भाजी विकणारी एक म्हातारी. दरवर्षी काल्याच्या दिवशी यायची, पदराच्या गाठीतून पैसे काढायची. नाण्यांत मोजून दीडशे, कधी दोनशे. मी पावती पुस्तक उघडलं की म्हणायची, ‘मन्हं नाव नको लिखू रे भो. देवनं देवले दिधं, त्यामा मन्हं काय?’ मी पावती ‘एक भाविक’ अशी फाडायचो. तुम्ही पुण्यात ज्याला गुप्तदान म्हणता ते आमच्याकडे असं, उभ्या उभ्या. ती गेल्यावर पुढच्या वर्षी ती पावती फाटली नाही, तर एकूण रकमेत मला ते दीडशे सलत राहिले. हजारो रुपयांच्या हिशेबात.

तू म्हणशील, हा पैसा वरण-बट्टीत आणि गंगाफळाच्या भाजीत गेला. गेलाच. पण त्या पंगतीला कोण बसतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस. सातपुड्यावरून कापूस वेचायला उतरलेली बिऱ्हाडं आठ दिवस दोन्ही वेळ तिथं जेवतात. त्यांना कुणी विचारत नाही, तुझा देव कोणता. त्यांची पंगत वेगळी बसवायची का, असा प्रश्न एका वर्षी निघाला होता. अध्यक्षांनी तो एका शिवीत संपवला, ती शिवी इथं लिहीत नाही.

धार्मिक दानातही मला न पटणारं बरंच आहे. जुनं सांगतो. नियंत्रित बाजार येण्याआधी आडतीत शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबातून, ‘धर्मादाय’, ‘पांजरापोळ’ अशा नावांनी कपात होई. कापूस शेतकऱ्याचा, कापले त्याचे पैसे, आणि पुण्य व्यापाऱ्याच्या खात्यावर. आमच्या दुकानातल्या जुन्या चोपड्यांत तसल्या नोंदी मी स्वतः वाचल्यात. दानाच्या नावाखाली दुसऱ्याचा खिसा कापायची ही सोय कुठल्या शास्त्रात बसते ते मला कधी कळलं नाही.

आणि कानबाई देवीच्या उत्सवातले रोट घे. घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजायचे, सगळी भाऊबंदकी एकत्र, रोट भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. तुझी काकू कानबाई बसवते, मी मुकाट्यानं गहू निवडतो. उत्सव गोड आहे, वर्षभर न बोलणारे चुलतभाऊ त्या दिवशी एका ताटात जेवतात. पण याला दान म्हणता येईल का? आपल्याच माणसांना देण्यावर आपला जीव जास्त, आस्तिक असो की नास्तिक. माझा एक मुसलमान मित्र आहे, केळीचा बागायतदार, त्याचेही हिशेब मी पाहायचो. त्याच्याकडे मला याच्या उलट नियम सापडला. जकात, म्हणजे त्यांच्या धर्मात ठरलेलं दान, आई-बापाला, पोराबाळांना देता येत नाही. त्यांना पोसणं हे कर्तव्यच, ते जकातीत कसं धरणार? ठरावीक मर्यादेवरची, वर्षभर राहिलेली शिल्लक असेल तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. आणि पिकावर वेगळं. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन काढलेल्याचा विसावा, कारण त्यात माणसाची मेहनत आणि खर्च जास्त. हिशेबनीस म्हणून सांगतो, कोरडवाहू आणि बागायतीचा फरक ओळखणारा दर बघून मला मनापासून आनंद झाला होता. माझा मित्र मात्र म्हणायचा, विहिरीचा खर्च धरायचा का यावर मौलवींशी दरवर्षी वाद होतो.

आमच्या आडतीचे शेठ जैन. त्यांच्या मंदिरात आरतीचा मान कुणाला हे बोलीनं ठरे, आणि बोली तुपाच्या मणांत. ‘इतके मण घी!’ तूप कुठंच नाही, मणाला रुपये ठरलेले. मला आधी हसू यायचं. मग कळलं की त्यांच्यात बोललेली रक्कम थकवणं हा मोठा दोष मानतात, आणि देवद्रव्य दुसऱ्या कशाला वळवता येत नाही. माझ्या ‘येणे बाकी’ रकान्यापुढे त्यांचा रकाना कोरा असे. जळफळाट व्हायचा माझा.

आता आपल्या पंथाचं ऐक. अमळनेरला आमचं आठ-दहा जणांचं अभ्यास मंडळ होतं. दर रविवारी बैठक, देव आहे की नाही यावर दोन-अडीच तास. सगळी माणसं चांगली, एकही लबाड नाही. एकदा चोपडा गावाकडच्या आदिवासी पोरांच्या वसतिगृहाला पुस्तकं द्यायची ठरली. चर्चा झाली. पुस्तकं द्यावीत की व्यवस्था बदलावी, इथवर गेली. शेवटी टोपी फिरवली, १४० रुपये निघाले. त्याच आठवड्यात सप्ताहाच्या एका गल्लीतून मी अठराशे आणले होते. आमच्या मंडळात दानत नव्हती असं नाही. सप्ताहाला तिथी होती, दारात जाणारी माणसं होती, शेजाऱ्यानं किती दिले हे दिसणारं पुस्तक होतं. आम्हाला यातलं काहीच नव्हतं. आम्हाला वाटायचं, पटलं की माणूस देतो.

नंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘होळी करा लहान, पोळी करा दान’ ही हाक आली तेव्हा आम्ही ती उचलली. होळीच्या संध्याकाळी घरोघर डबे घेऊन गेलो. पहिल्या वर्षी तीनशेच्या वर पुरणपोळ्या जमल्या, बहुतेक देव मानणाऱ्या बायांनी दिलेल्या, आणि रात्री वीटभट्ट्यांवर वाटल्या. त्या दिवशी मंडळात कुणी वाद घातला नाही. डॉ. श्रीराम लागू देव न मानणारे म्हणून उभ्या महाराष्ट्राला माहीत. त्यांनी निळू फुले आणि इतर कलावंतांना घेऊन नाटकाचे प्रयोग केले आणि त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी. त्यांनीही नुसतं व्याख्यान देऊन पैसे मागितले नाहीत. तारीख होती, तिकीट होतं, शेजारच्या खुर्चीत माणूस होता.

थोडं विषयांतर करतो. चाळीसगावजवळच्या पाटणला तू सहलीला गेली होतीस, पाटणादेवीच्या. तिथला शके ११२८ चा शिलालेख कुणी दाखवला का? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. ‘मढा दीन्हला’ असं तिथं कोरलंय. आपली म्हातारी ‘दिधं’ म्हणायची, ते मला त्यावरून आठवतं. आता सांग, हे धार्मिक दान की बिगरधार्मिक? मठ आहे, आणि शिकवायचं गणित आणि ज्योतिष. माझ्यापुढे ते आलं असतं तर कोणत्या खाती टाकलं असतं, यावर मी कितीदा विचार केलाय. पण मला त्यातली पळी आवडते. घाण्यामागे ठरलेली. तेल्याच्या मनात आज काय आहे, यावर ती अवलंबून नाही.

तुझी पळी कोणती ते ठरव. पगार महिन्याच्या ज्या तारखेला होतो त्याच दिवशी ती बाजूला निघाली पाहिजे, भाडं जातं तशी. टक्का किती, हे मी सांगणार नाही. सांगितला तर तू वाद घालशील. ५०० देतेस ते बंद करू नकोस, फक्त वर्षातून एकदा त्या संस्थेकडे हिशेबपत्रक माग. नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण, विश्वस्त कोण, हे विचारायला लाजू नकोस. सप्ताहालाही विचार. आपल्याकडे देवळाला हिशेब विचारणं पाप समजतात आणि समाजसेवकाला विचारणं अपमान. देणगीवरची करसवलत, ८०जी म्हणतात ती, डोक्यात असेल तर दोनच गोष्टी. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत, आणि तू नवी करपद्धत घेतली असशील तर ही वजावट मुळातच मिळत नाही. म्हणून देणं थांबवायचं असेल तर मग पप्पांचं रुमालाचं वाक्य खरं.

तुझ्याकडे पैशाहून जास्त किमतीची एक गोष्ट आहे, आणि तू पुण्यात आहेस म्हणूनच ती उपयोगी आहे. गेल्या वर्षी आपल्या गल्लीतल्या, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराच्या बायकोला ऑपरेशनसाठी तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. दवाखाना धर्मादाय. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातल्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, अशी काही योजना नाही. सालदार परत फिरला. अखजीला साल ठरलं तेव्हा उचल घेतली होती, त्यावर आणखी कर्ज काढून त्यानं ऑपरेशन केलं. मला कळलं तोवर बिल भरून झालं होतं. त्या घराचं कर्ज अजून फिटायचंय. मी त्या वेळी नाशिकला मुलीकडे होतो, फोन बंद. हे माझ्या ‘येणे बाकी’त आहे, आणि तिथं आता कुणी भरणा करू शकत नाही.

तिथं काय लागतं? काउंटर सोडून वैद्यकीय समाजसेवकाची खोली शोधायची. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुढे करायचा. ‘नाही’ म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं, आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. हे सगळं आपल्या गावच्या माणसाला जमत नाही. इंग्रजी पाट्या आणि काचेची दारं बघूनच तो अर्धा होतो. तुला जमतं. महिन्यातला एक शनिवार दे. खानदेशातून आलेलं एखादं बिऱ्हाड दवाखान्याच्या जिन्यात बसलेलं तुला बोलीवरून ओळखू येईल. मी गावात सांगून ठेवतो की पुण्याला नेलं तर आधी तुझा नंबर लावायचा. पण तुझं हो आल्यावरच.

राहिले पप्पा. तू ५,१०० खोडलेस, याचं त्यांना फार दुःख नाही. तुझं नाव यादीतून गेलं, याचं आहे. यादीत नाव म्हणजे ती अजून गावाची, एवढाच त्यांचा अर्थ असतो. वर्गणी मूर्तीच्या मुकुटाला नको असेल तर तसं लिहून दे: अन्नदानासाठी, कापूस वेचणाऱ्यांच्या पंगतीसाठी. मी पावतीवर कारण लिहितो, आणि मी ते फिरवू देत नाही. आणि तरीही द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मात्र ते ५,१०० कुठं गेले, हे पुढच्या अखजीला मला वहीत दाखव.

एक काम आहे. जुनी पावती पुस्तकं संपत आली. इथला छापणारा क्रमांक चुकवतो, गेल्या वर्षी दोन पावत्या एकाच नंबरच्या निघाल्या आणि मला लेखापरीक्षकासमोर मान खाली घालावी लागली. पुण्यात दहा पुस्तकं छापून घे. प्रत्येकी शंभर पावत्या, कार्बनची दुसरी प्रत, क्रमांक ४००१ पासून. ‘हस्ते’ची जागा मोठी ठेव, आणि ‘देणगीचे कारण’ अशी एक ओळ वाढव. दिवाळीला येताना आण. बिल सप्ताहाच्या नावानं घे, पैसे मी रोख देईन.

तुझा,
नाना

ता. क. काकूनं खापरावरचे मांडे तुझ्यासाठी राखले होते. तू भांडून लवकर गेलीस, मीच खाल्ले.